आचारसंहिता छापून झाली, आता ती सामन्यात टिकवायची कशी?

एका कोचने लिहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: बारा वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल संघ. क्लबने दोन पानांची आचारसंहिता छापली, पालकांच्या सह्याही घेतल्या. तरी गेल्या सामन्यात पालक पंचांवर ओरडले, आपल्या कॅप्टनने पंचांशी हुज्जत घातली, आणि समोरच्या संघाने जखमी मुलासाठी बाहेर मारलेला चेंडू परत न देता आपल्या मुलांनी त्यावरच गोल केला. आता शिक्षा कडक कराव्यात की नियम वाढवावेत?

मी म्हणेन, दोन्ही नको. माझी बरीच वर्षं मुलांना शिकवण्यात गेली आहेत, आणि लहान गटांच्या सामन्यांत मी पंच म्हणूनही उभा राहिलो आहे. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: मैदानावर नीट वागणं हे पासिंगसारखंच सरावाने येतं. जे सरावात घोटून घेतलेलं नाही ते सामना तापल्यावर मुलाकडून होत नाही, मग घरच्यांनी कितीही कागदांवर सह्या केलेल्या असोत. ‘खिलाडूवृत्तीने खेळावे’ हे वाक्य चुकीचं नाही. पण चेंडू पायात आहे, समोरचा मुलगा विव्हळत पडला आहे आणि कडेने सगळे ओरडताहेत, अशा वेळी नेमकं काय करायचं हे ते वाक्य अकरा वर्षांच्या मुलाला सांगत नाही.

आधी त्या गोलाबद्दल बोलू, कारण त्यात मुलांचा दोष सगळ्यात कमी आहे. समोरच्याने चेंडू कडेबाहेर मारला की थ्रो-इन, म्हणजे तो हाताने आत टाकायचा हक्क, आपला, हा नियम. तो चेंडू परत द्यायचा हा फक्त संकेत आहे. त्यामुळे तो गोल पंचांना रद्द करता येत नाही. मोठ्यांच्या खेळातही हे घडलं आहे. फेब्रुवारी १९९९ मध्ये इंग्लंडच्या एफए कप स्पर्धेतल्या सामन्यात शेफील्ड युनायटेडच्या गोलकीपरने जखमी सहकाऱ्यासाठी चेंडू बाहेर मारला. आर्सेनलच्या रे पार्लरने थ्रो-इन त्यांना परत देण्यासाठीच टाकला होता. पण आर्सेनलकडून पहिलाच सामना खेळणारा कानू त्यावर धावला, त्याने पास दिला आणि ओव्हरमार्सने गोल केला. नियमाने गोल कायम राहिला. शेवटी आर्सेनलचे प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी सामना पुन्हा खेळण्याची तयारी दाखवली आणि तो पुन्हा खेळवला गेला. आर्सेनलने तोही जिंकला, पहिल्यासारखाच २-१.

दुसरं उदाहरण एप्रिल २०१९ चं. अॅस्टन व्हिलाचा खेळाडू मैदानात पडलेला असताना लीड्स युनायटेडने गोल केला आणि धुमश्चक्री झाली. लीड्सचे प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सा यांनी आपल्या संघाला सांगितलं, आता त्यांना विरोध न करता गोल करू द्या. बाकीचे खेळाडू बाजूला झाले, तरी लीड्सचा एक बचावपटू आडवा गेलाच. सामना १-१ असा सुटला. त्या वर्षीचा फिफाचा फेअर प्ले पुरस्कार बिएल्सा आणि लीड्सला मिळाला. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच: पगारी, मुरलेल्या खेळाडूंनासुद्धा त्या क्षणी बाहेरून स्पष्ट हुकूम लागला, आणि तरी एकाचे पाय ऐकेनात. मग मुलांकडून काय अपेक्षा करायची? ‘गोल परत द्यायचा का’ हा निर्णय मुलांवर सोडूच नका. तो कोचचा निर्णय आहे आणि कोचने तो मोठ्या आवाजात, ताबडतोब घ्यायचा. गेल्या सामन्यात तुम्ही काय केलं हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मुलांनी ते नक्की टिपलं असेल.

पुढच्या वेळेसाठी मुलांना सोपा क्रम द्या. शिट्टी वाजेपर्यंत खेळ चालू. पण कोणाच्या डोक्याला मार लागला, किंवा कोणी हलत नसेल, तर चेंडू ज्याच्या पायात आहे त्याने तो जागेवर थांबवायचा आणि हात वर करायचा, मग तो पडलेला मुलगा कोणत्याही संघाचा असो. चेंडू बाहेर मारायची गरज नाही, कारण पंचांनी खेळ थांबवला तर २०१९ पासूनच्या नियमानुसार ड्रॉप बॉल, म्हणजे खेळ पुन्हा सुरू करताना पंच हातातून खाली सोडतात तो चेंडू, दोघांत झटापट लावून दिला जात नाही. तो एकाच संघाच्या खेळाडूसमोर टाकतात आणि बाकी सगळे किमान ४ मीटर लांब उभे राहतात. थांबलेल्या संघाचं सहसा नुकसान होत नाही. आणि समोरच्यांनी चेंडू बाहेर मारलाच, तर थ्रो-इन कोण घेणार आणि तो कोणाकडे जाणार हेही आधी ठरलेलं असू द्या. आमच्याकडे कॅप्टन घेतो आणि समोरच्या गोलकीपरच्या दिशेने टाकतो. आमचा बाकी संघ चेंडूच्या मागे उभा राहतो. हे सरावात पाच मिनिटांत करून घेता येतं. एकाला खोटंखोटं पाडायचं आणि बाकीच्यांनी क्रम पार पाडायचा. मुलं हसतात, पण नंतर खरा प्रसंग आला की हात आपोआप वर जातात.

आता पंचांशी हुज्जत. इथे मुलांना ‘वाद घालू नका’ एवढंच सांगून भागत नाही, कारण अन्याय झाल्याचा राग खरा असतो. त्या रागाचं काय करायचं हे शिकवावं लागतं. माझा ठरलेला सराव असा. दोन छोटे संघ करतो, पंच मी. खेळ रंगात आला की मुद्दाम एक ढळढळीत चुकीचा निर्णय देतो: लाल संघाच्या पायाला लागून गेलेला चेंडू लालांनाच देतो. आधी नियम सांगितलेला असतो की शिट्टी झाल्यापासून पाच सेकंदांत ज्याची त्याची जागा घ्यायची; जो संघ जागेवर नसेल त्याच्याविरुद्ध खेळ लगेच सुरू. पहिल्या दोन-तीन वेळा निळ्या संघाची मुलं हात पसरून माझ्याकडे येतात, तोवर लालांचा गोल झालेला असतो. थोड्या वेळाने एखादी मुलगी किंवा मुलगा ओरडतो, “सोडा रे, मागे या, मागे या!” ज्याने ती हाक दिली त्याचं नाव घेऊन मी तिथल्या तिथे कौतुक करतो. संघाला असा आवाज सापडला की पुढचं काम निम्मं होतं, कारण चिडलेल्या मुलाला कोचपेक्षा शेजारी खेळणाऱ्याचं लवकर पटतं.

कॅप्टनला वेगळं शिकवायचं. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २००८ मध्ये ‘रिस्पेक्ट’ मोहीम सुरू केली, तेव्हापासून पंचांशी फक्त कॅप्टनने बोलावं हा विचार मुलांच्या खेळात रुजत गेला. २०२४ च्या युरो स्पर्धेत युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, तोच मार्ग मोठ्यांसाठी अवलंबला. पण कॅप्टनला बोलायचा अधिकार दिला आणि बोलायचं कसं हे सांगितलं नाही, तर तुमच्याकडे झालं तेच होतं. त्याला दोन वाक्यं पाठ करून द्या. “सर, कशासाठी दिलं ते सांगाल का?” आणि उत्तर मिळाल्यावर “ठीक आहे, सर.” पंच बाई असतील तर “मॅडम”. तिसरं वाक्य नाही. चेंडू थांबलेला असतानाच बोलायचं, हात मागे किंवा खाली. कॅप्टनपद दर काही सामन्यांनी बदलत ठेवा. ज्याला एकदा ही दोन वाक्यं बोलावी लागली तो नंतर पंचांकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

तरीही मुलगा भडकला तर काय? खेळाचे नियम ठरवणाऱ्या आयफॅबने तरुण आणि तळागाळाच्या फुटबॉलसाठी तात्पुरतं बाहेर बसवण्याची, म्हणजे सिन बिनची, मुभा दिली आहे. इंग्लंडमध्ये २०१९-२० च्या हंगामापासून पंचांशी वाद घालणाऱ्याला ९० मिनिटांच्या सामन्यात १० मिनिटं बाहेर बसावं लागतं. तुमच्या स्पर्धेत ही सोय नसली तरी मुलांच्या बहुतेक स्पर्धांत बदली खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो. म्हणजे कोचच्या हातात स्वतःचं सिन बिन आहेच. पंचांनी कार्ड काढायची वाट न बघता मुलाला बाहेर घ्या, पाणी द्या, शेजारी बसवा. भाषण देऊ नका. चार-पाच मिनिटांनी एकच विचारा, “आत गेल्यावर पहिलं काय करणार?” त्याने फुटबॉलचं उत्तर दिलं, म्हणजे ‘त्यांच्या आठ नंबरला धरणार’ (त्याच्याजवळ राहून त्याला चेंडू मिळू देणार नाही) असं काही, तर आत सोडा. ‘त्या पंचाने आधी…’ असं सुरू झालं तर अजून थोडं बसू द्या. हे तुमच्या सगळ्यात चांगल्या खेळाडूलाही लागू हवं आणि सामना बरोबरीत असतानाही. फक्त राखीव खेळाडूंना लागू होणारी शिस्त मुलं एका सामन्यात ओळखतात.

एक गोष्ट पालकांना आवर्जून सांगा: मुलांच्या सामन्यातले पंच अनेकदा स्वतःच पंधरा-सोळा वर्षांचे असतात. पंचगिरी शिकत असतात. मोठी माणसं अंगावर ओरडली की ते पुढच्या हंगामात परत येत नाहीत, आणि मग पंचच मिळत नाहीत. काही ठिकाणी अठरा वर्षांखालच्या पंचांना वेगळ्या रंगाची पट्टी देतात, म्हणजे समोर मूल आहे हे लांबूनही कळतं. चांगली पद्धत आहे. तुमच्या स्पर्धेच्या आयोजकांना सुचवा.

खरेपणाबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचं आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये इटलीतल्या लाझिओ क्लबच्या मिरोस्लाव्ह क्लोजेने नापोलीविरुद्ध केलेला गोल पंचांनी दिला होता. चेंडू आपल्या हाताला लागला हे त्याने स्वतः पंचांना सांगितलं आणि गोल रद्द झाला. लाझिओ तो सामना ०-३ हरला. खेळ पुन्हा सुरू होण्याआधी पंचांना निर्णय बदलता येतो, त्यामुळे असं सांगण्याला प्रत्यक्षात अर्थ असतो, हे मुलांना माहीत हवं. पण प्रत्येक मुलाने प्रत्येक फाउल कबूल करावा असा आग्रह मी धरत नाही. धक्काबुक्कीत काय झालं हे मुलालाही कळलेलं नसतं, आणि कबुलीची सक्ती केली की तिचा देखावा होतो. मी एवढंच मागतो: जे आपलं नाही हे माहीत आहे, त्यासाठी हात वर करून मागायचं नाही. गुपचूप मागे फिरायचं.

यावरून एक प्रसंग सांगतो. बरोबरीतला सामना, शेवटची मिनिटं, चेंडू आमच्या डाव्या बचावपटूच्या नडगीला लागून बाहेर गेला. पंच पाठमोरे होते, त्यांनी थ्रो-इन आम्हाला दिला. मुलाने चेंडू उचलला, थांबला आणि म्हणाला, “सर, माझ्या पायाला लागला.” पंचांनी हात दुसरीकडे वळवला. कडेने त्याचे वडील ओरडले, “अरे, तुला कोणी विचारलं होतं?” मुलाने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तेवढ्या वेळात मला काहीतरी करायचं होतं. मी मोठ्याने टाळ्या वाजवल्या आणि म्हणालो, “शाब्बास, आता माणूस धर!” थ्रो-इनवर गोल झाला नाही, पण झाला असता तरी मी टाळ्याच वाजवल्या असत्या, आणि नंतर वडिलांशी वेगळं बोललोच असतो. मुलगा त्या क्षणी दोन मोठ्या माणसांपैकी कोणाचं ऐकायचं हे ठरवत असतो. कोचची प्रतिक्रिया वडिलांच्या प्रतिक्रियेइतकीच लवकर यायला हवी.

फेअर प्ले फक्त समोरच्या संघाशी असतो असं समजू नका. तुमच्या स्वतःच्या बाकावर कोण बसलं आहे? बारा वर्षांखालच्या गटात प्रत्येक मुलाला किमान अर्धा सामना खेळायला मिळायला हवा, आणि हे आचारसंहितेत कोचच्या जबाबदारीखाली लिहिलेलं हवं. तुमच्या दोन पानांत पालकांसाठी आणि मुलांसाठी बरंच काही असेल. कोचसाठी किती ओळी आहेत ते बघा. दुसरं, वय. वय लपवून मोठ्या मुलांना खालच्या गटात खेळवणं हा या खेळातला सगळ्यात मोठा अन्याय आहे आणि तो करणारी माणसं नेहमी मोठीच असतात. फिफाने २००९ पासून १७ वर्षांखालच्या विश्वचषकात हाडांच्या वाढीवरून वय ताडण्यासाठी मनगटाचं एमआरआय सुरू केलं ते याच कारणाने. क्लबकडे एमआरआय नसतं, पण जन्मदाखला पाहणं आणि शंका आली तर आपल्याच मुलाला वरच्या गटात घालणं एवढं तरी करता येतं. या वयात दोन वर्षांचा फरक असेल तर साधी टक्करसुद्धा हाड मोडू शकते.

तिसरं, एकतर्फी सामने. नॉर्वेने १९८७ मध्येच मुलांच्या खेळाचे नियम लिहून काढले, आणि तिथे अकराव्या वर्षापर्यंत गुणतालिका लावत नाहीत. इंग्लंडमध्ये लहान गटांत चार गोलांनी मागे पडलेल्या संघाला एक जादा खेळाडू उतरवायची सोय आहे. तुम्ही समोरच्या कोचशी सामन्याआधी बोलून हे ठरवू शकता. आठ-शून्यच्या पुढे आपल्या मुलांनाही काही शिकायला मिळत नाही. मात्र आपल्या मुलांना ‘आता गोल करू नका, नुसता चेंडू फिरवा’ असं सांगू नका. समोरच्याला ते चेष्टेसारखं लागतं. त्याऐवजी डाव्या पायानेच शॉट, किंवा गोलकीपरला पुढे आणि स्ट्रायकरला गोलात, असं काही करा.

फेअर प्ले ट्रॉफी ठेवावी का, असंही अनेक क्लब विचारतात. ठेवा, पण कार्डं मोजून देऊ नका. २०१८ च्या विश्वचषकात जपान आणि सेनेगल गुण, गोलफरक, गोल आणि आपसातला सामना या सगळ्यांत सारखे राहिले. जपानची यलो कार्डं ४ आणि सेनेगलची ६, म्हणून जपान पुढे गेला. पण गटातल्या शेवटच्या सामन्यात, पोलंडकडून ०-१ ने हरत असताना, जपानने आणखी काही घडू नये म्हणून चेंडू मागेच फिरवत ठेवला आणि प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. कार्डं कमी असणं आणि नीट खेळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रॉफी द्यायचीच तर समोरच्या संघांच्या कोचना आणि पंचांना मतं विचारा.

हस्तांदोलन सक्तीचं ठेवा, चर्चा नको. चिडलेला मुलगा डोळ्यांत न बघता हात देईल, तेवढं चालेल.

रंग, वंश, धर्म, जात, शरीर किंवा मुलगी असण्यावरून शिवी आली तर वरची कुठलीही पायरी लागू नाही. तिथे पाच मिनिटं बाकावर बसवून भागत नाही. पंचांना लगेच सांगायचं, सामना थांबवायचा, लेखी नोंद करायची, आणि ज्याला शिवी दिली त्या मुलाकडे आधी जायचं, देणाऱ्याकडे नंतर. फिफाने मे २०२४ मध्ये वर्णद्वेषी प्रकार कळवण्यासाठी मनगटं एकमेकांवर फुली करून धरायची खूण मान्य केली आहे. ती मुलांना शिकवून ठेवा, कारण असं काही तोंडाने सांगणं मुलांना फार जड जातं.

राहिले पालक. आधी हे समजून घ्या की २०१९ पासून पंच कोचला आणि बाकावरच्या पदाधिकाऱ्यांना यलो-रेड कार्ड दाखवू शकतात, पण प्रेक्षकाला कार्ड दाखवता येत नाही. प्रेक्षकांमुळे खेळ बिघडला तर पंचांकडे सामना थांबवण्याचा किंवा सोडून देण्याचा मार्ग उरतो, आणि त्याची शिक्षा मुलांनाच होते. म्हणून कडेची माणसं सांभाळणं हे क्लबचं काम आहे. टचलाइनपासून, म्हणजे मैदानाच्या लांब कडेच्या रेषेपासून, दोन मीटर मागे दोरी किंवा फीत लावा. दोन्ही संघांचे पालक तिच्या मागे, कोच आणि राखीव मुलं समोरच्या बाजूला. गोलच्या मागे कोणीही नाही, तिथून गोलकीपरच्या कानात सूचना जातात. दर सामन्याला एका पालकाला कडेची जबाबदारी द्या, पाळीपाळीने. ज्याच्यावर इतरांना शांत करायची वेळ आली तो स्वतः पुढच्या वेळी कमी ओरडतो.

सगळ्यात जास्त ओरडा रागाचा नसतो, सूचनांचा असतो. “मार! पास दे! मागे!” चेंडू पायात असलेल्या मुलाला या तिन्ही हाका एकदम ऐकू येतात आणि त्यातली एक त्याच्या आईची असते. तो खाली बघतो आणि चेंडू जातो. पालकांच्या बैठकीत हे बोलून दाखवू नका, करून दाखवा: दोन पालकांना चेंडू द्या, बाकीच्यांना कडेने मनाला येईल ते ओरडायला सांगा. अधूनमधून एखादा सामना फक्त टाळ्यांचा ठेवा, बोलणं बंद. मुलं एकमेकांशी किती बोलायला लागतात ते पालकांना तेव्हाच ऐकू येतं.

आणि जो एक पालक तरीही थांबणार नाही, त्याच्यासाठी पायऱ्या हंगामाच्या आधीच सांगून ठेवा. पहिल्यांदा जबाबदार पालकाने शेजारी जाऊन हळू आवाजात बोलायचं. दुसऱ्यांदा कोचने सामन्यानंतर एकट्यात, मूल जवळ नसताना बोलायचं. तिसऱ्यांदा त्या पालकाने पुढचे दोन सामने मैदानावर यायचं नाही. मूल मात्र खेळायचं, ठरलेल्या जागेवर, ठरलेली मिनिटं. त्याला मैदानावर आणायची आणि घरी सोडायची सोय क्लबने करायची. हे मुलाला कोचनेच आधी सांगायचं, आणि ते सांगताना त्याच्या वडिलांबद्दल एकही वाईट शब्द बोलायचा नाही.